आरोग्याच्या डेटासाठी कुठलं रिग्रेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंधाचा डेटा घेऊन सल्ल्याला येणारे निवासी डॉक्टर असोत की सार्वजनिक आरोग्याचे संशोधक, फाइल उघडायच्या आत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात कुठलं मॉडेल लावू?" (मॉडेल म्हणजे इथे रिग्रेशन: एका निकालाचा इतर घटकांशी असलेला संबंध मांडणारं समीकरण.) त्या प्रश्नाची आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सरासरी, पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल तुम्हाला माहीत आहेत असं धरून चाललो आहे.

सगळ्यात चांगलं मॉडेल कुठलं?

कशासाठी चांगलं, ते आधी सांगा. उपचाराचा परिणाम किती, हे शोधायचं आहे? समोरच्या रुग्णाचा धोका वर्तवायचा आहे? की एखाद्या लोकसमूहात आजार कसा पसरला आहे, एवढंच मांडायचं आहे? या तीन कामांना तीन वेगळे निकष लागतात.

मॉडेलांची तुलना करताना सगळा घोळ इथूनच सुरू होतो. लॉजिस्टिक मॉडेल विचारतं, "वर्षभरात मृत्यू झाला की नाही?" कॉक्स मॉडेल विचारतं, "मृत्यू कोणत्या वेगाने होत होते?" यातलं सरस कुठलं, हा प्रश्न वजनकाटा आणि थर्मामीटर यातलं जास्त अचूक काय, अशा थाटाचा आहे. एकाच प्रश्नाला उत्तर देणाऱ्या मॉडेलांची तुलना करता येते. बाकीच्यांमधून निवड करायची असते, आणि ती डेटा पाहण्याआधी करता येते.

आउटकमच्या प्रकारावरून मॉडेल ठरतं ना? मग सरळ यादी द्या की.

घ्या. आउटकम म्हणजे अभ्यासात मोजलेला निकाल. तो रक्तदाबासारखी सलग मोजणी असेल तर लिनियर. हो-नाही असेल तर लॉजिस्टिक, किंवा धोक्याचं गुणोत्तर थेट देणारं मॉडेल. झटके किंवा भेटी मोजल्या असतील तर पॉइसन किंवा निगेटिव्ह बायनॉमियल. "किती काळाने" असा प्रश्न असेल तर कॉक्स किंवा त्याच्या घराण्यातलं एखादं. पायऱ्या असलेली श्रेणी असेल तर ऑर्डिनल. योगायोग असा की या यादीतला बराचसा भाग एकाच वर्षी आकाराला आला: 1972 मध्ये नेल्डर आणि वेडरबर्न यांनी लिनियर, लॉजिस्टिक आणि पॉइसन ही सगळी एकाच चौकटीत बसतात हे दाखवलं, आणि त्याच वर्षी डेव्हिड कॉक्स यांचा हॅझर्डवरचा, म्हणजे घटना घडण्याच्या क्षणोक्षणीच्या वेगावरचा, पेपर आला.

ही यादी पाठ करून निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे आउटकम कसा मोजला, कधी मोजला आणि कोणाचा मोजायचा राहून गेला, हे तपासणं.

माझा डेटा नॉर्मल नाही. शापिरो-विल्क चाचणीत नापास झाला. आता लिनियर रिग्रेशन बाद?

नाही. नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले, असावेत अशी अपेक्षा रेसिड्युअलकडून असते, म्हणजे मॉडेलने सांगितलेली किंमत वजा केल्यावर जे उरतं त्याकडून. स्त्री-पुरुषांचं हिमोग्लोबिन एकत्र मांडलं तर आलेख वेडावाकडा दिसू शकतो. लिंग मॉडेलमध्ये घेतलं की उरलेला भाग बऱ्याचदा व्यवस्थित निघतो. शिवाय नमुना काही शेकड्यांचा असेल तर रेसिड्युअल थोडे कलते असले तरी सरासरीतल्या फरकाचा अंदाज फारसा बिघडत नाही. शापिरो-विल्क मोठ्या नमुन्यात किरकोळ गोष्टीवरून आकांडतांडव करते आणि छोट्या नमुन्यात मोठ्या गोष्टीकडे कानाडोळा करते.

खरं दुखणं दुसरीकडे असतं. संबंध सरळ रेषेचा नसतो. विखुरण सगळीकडे सारखं नसतं (यावर रोबस्ट स्टँडर्ड एरर, म्हणजे विखुरण असमान असलं तरी विश्वासार्ह राहणारा, हा सोपा उतारा). एकाच रुग्णाच्या चार नोंदी चार रुग्ण म्हणून मोजल्या जातात. आणि जीवनमानाच्या 0 ते 100 मोजपट्टीवर बरेच रुग्ण थेट 100 वर बसलेले असतात. तिथे लिनियर मॉडेल एखाद्याला 104 गुण देऊन मोकळं होतं.

उपचाराआधीचा आणि नंतरचा रक्तदाब आहे. दोन्हींतला फरक आउटकम म्हणून घेऊ का?

रँडमाइज्ड चाचणी असेल, म्हणजे कोणता रुग्ण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं असेल, तर नंतरचा रक्तदाब आउटकम ठेवा आणि आधीचा मॉडेलमध्ये घ्या. त्यात अचूकता जास्त मिळते. कारण जुनं आहे: ज्यांचा रक्तदाब पहिल्या दिवशी फार वर होता, त्यांचा पुढच्या मोजणीत काहीही न करता थोडा खाली येतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये उंच आईवडिलांची मुलं सरासरीकडे झुकतात हे मांडलं, आणि "रिग्रेशन" हे नाव त्यातूनच आलं. चाचणी रँडमाइज्ड नसेल तर मात्र या दोन पद्धती परस्परविरोधी उत्तरं देऊ शकतात. तेव्हा गटांमध्ये सुरुवातीलाच फरक का होता, याचा विचार केल्याशिवाय सुटका नाही.

रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस एका बाजूला कललेले आहेत. लॉग घेऊन लिनियर केलं तर चालेल?

तीन रुग्ण घ्या: 1 दिवस, 4 दिवस, 16 दिवस. सरासरी 7. आता लॉग घ्या, सरासरी काढा आणि परत उलटा: उत्तर येतं 4. ही भूमितीय सरासरी झाली. खाटांचं नियोजन करणाऱ्याला 7 हवेत, कारण तीन रुग्णांनी मिळून 21 दिवस खाट अडवली आहे, 12 नव्हे. खर्चाच्या डेटातही हीच गोम आहे.

लॉग घेऊन केलेल्या मॉडेलवरून मूळ सरासरीकडे परतायला ड्युआन यांची 1983 ची स्मिअरिंग पद्धत आहे, पण विखुरण गटागटांत वेगळं असेल तर तीही फसते. मी तरी कललेल्या धन आकड्यांसाठीचं गॅमा मॉडेल लॉग लिंकसह वापरतो: ते सरासरीचाच लॉग घेतं, त्यामुळे परतीच्या वाटेची कसरत करावी लागत नाही.

ऑड्स रेशो 2.7 आला. म्हणजे धोका 2.7 पट, बरोबर?

चूक, आणि आरोग्य संशोधनात सर्वाधिक होणाऱ्या चुकांपैकी एक. एका गटात 40% लोकांना आजार झाला आणि दुसऱ्यात 20% लोकांना, तर धोका दुप्पट झाला. ऑड्स, म्हणजे आजार झालेले भागिले न झालेले, मात्र पहिल्या गटात 40 ला 60 आणि दुसऱ्यात 20 ला 80, त्यांचं गुणोत्तर 2.67. आजार दुर्मीळ असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळ येतात: 2% आणि 1% असेल तर ऑड्स रेशो 2.02 येतो. आउटकम सर्रास आढळणारा असेल तर अंतर बेसुमार वाढतं: 80% आणि 40% असेल तर धोका दुप्पटच, पण ऑड्स रेशो 6!

याचं गाजलेलं उदाहरण 1999 मधलं आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. 720 डॉक्टरांना छातीत दुखण्याच्या रुग्णांच्या भूमिका करणाऱ्या नटांचे व्हिडिओ दाखवले आणि कार्डियाक कॅथेटरायझेशनसाठी कोणाला पाठवाल, असं विचारलं. गोऱ्या रुग्णांना पाठवण्याचं प्रमाण 90.6% आलं, कृष्णवर्णीयांना 84.7%. ऑड्स रेशो 0.6. वृत्तमाध्यमांनी त्याचं "40% कमी शक्यता" असं भाषांतर केलं. प्रत्यक्ष धोक्याचं गुणोत्तर होतं 0.93, म्हणजे 7% कमी. फरक खरा होता, पण बातमीने त्याचं रूपच पालटलं.

मग लॉजिस्टिक सोडून द्यायचं का? केस-कंट्रोल अभ्यास (आधी आजारी आणि निरोगी माणसं निवडून मग मागचा इतिहास पाहणारा) असेल तर नाही. तिथे धोका थेट मोजताच येत नाही आणि ऑड्स रेशो हेच हक्काचं माप आहे. कोहॉर्ट (लोकांचा पुढे पाठपुरावा करणारा अभ्यास) किंवा चाचणी असेल आणि आउटकम नेहमीचा असेल, तर धोक्याचं गुणोत्तर द्या. लॉग-बायनॉमियल मॉडेल त्यासाठीच आहे, पण ते अनेकदा मध्येच अडतं आणि सॉफ्टवेअर "कन्व्हर्ज झालं नाही" (एका उत्तरावर स्थिरावलं नाही) म्हणून हात वर करतं. तेव्हा झू यांनी 2004 मध्ये सुचवलेली वाट धरा: हो-नाही आउटकमलाच पॉइसन मॉडेल लावायचं आणि रोबस्ट स्टँडर्ड एरर घ्यायचा. दुसरा मार्ग असा की लॉजिस्टिकच लावायचं, त्यातून प्रत्येक रुग्णाचा उपचारासह आणि उपचाराविना धोका काढायचा आणि सरासरीतला फरक सांगायचा. "दर शंभरात सहा रुग्ण कमी" हे वाक्य डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही कळतं.

नवं चल घातल्यावर ऑड्स रेशो बदलला. म्हणजे ते कन्फाउंडर होतं?

तसं असेलच असं नाही. (कन्फाउंडर म्हणजे उपचार आणि आउटकम या दोन्हींमागे उभा असलेला, त्यांच्यातल्या संबंधाचं चित्र बिघडवणारा घटक.) दोन समान आकाराचे गट समजा. पहिल्यात उपचाराने बरे होण्याचं प्रमाण 80%, उपचाराविना 50%. दुसऱ्यात 50% आणि 20%. दोन्ही गटांत ऑड्स रेशो नेमका 4. उपचार दोन्हीकडे सारख्या प्रमाणात वाटलेला आहे, म्हणजे कन्फाउंडिंगला जागाच नाही. तरी गट एकत्र केले की 65% आणि 35% होतात, आणि ऑड्स रेशो 3.45 वर उतरतो. ऑड्स रेशोचा हा अंगभूत स्वभाव आहे. हॅझर्ड रेशोही असाच वागतो. धोक्यातला फरक पाहा: सगळीकडे 30 टक्क्यांचाच. म्हणून "ऑड्स रेशो 10% पेक्षा जास्त हलला तर ते चल ठेवा" हा नियम मी वापरत नाही.

दम्याचे झटके मोजले आहेत. पॉइसन की निगेटिव्ह बायनॉमियल?

पॉइसनची अट अशी की सरासरी आणि व्हेरिएन्स (विखुरणाचं माप) सारखे असावेत. माणसांच्या आजारपणात असं क्वचितच घडतं, कारण काही रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात. अशा डेटावर साधं पॉइसन लावलं की परिणामाचा अंदाज साधारण ठीक येतो, पण स्टँडर्ड एरर फसवा लहान येतो आणि पी-व्हॅल्यू उगाच चमकते. तेव्हा जास्तीचं विखुरण सामावून घेणारं निगेटिव्ह बायनॉमियल घ्या, किंवा पॉइसनच ठेवून रोबस्ट स्टँडर्ड एरर घ्या.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे ऑफसेट विसरणं. एक रुग्ण तीन महिने पाहिला आणि दुसरा बारा महिने, तर दोघांचे चार-चार झटके सारखे नव्हेत. निरीक्षणकाळाचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणांक 1 वर बांधलेलं चल म्हणून, द्यायलाच हवा.

शून्यं फार आहेत. झिरो-इन्फ्लेटेड लावू?

आधी मोजा. सरासरी 0.5 असेल तर साध्या पॉइसनमध्येही 61% शून्यं अपेक्षितच असतात. सरासरी 1 असेल तर पॉइसनमध्ये 37% येतात, पण विखुरण मोठं असलेल्या निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये 58% सहज येऊ शकतात. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल म्हणतं की शून्यं दोन जातींची आहेत: ज्यांना झटका येऊच शकत नाही असे, आणि येऊ शकला असता पण आला नाही असे. ही "येऊच शकत नाही" जात तुमच्या रुग्णांत खरोखर आहे का? दम्याचं निदान झालेल्यांचाच अभ्यास असेल तर ती कुठून येणार?

लॉजिस्टिक की कॉक्स?

सगळ्यांचा पाठपुरावा सारखा आणि पूर्ण असेल, काळ छोटा असेल (उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेनंतरचे 30 दिवस) आणि मृत्यू तिसऱ्या दिवशी झाला की विसाव्या याने तुमचं उत्तर बदलत नसेल, तर लॉजिस्टिक किंवा वर सांगितलेलं पॉइसन पुरे. रुग्ण मध्येच गळत असतील किंवा काळ लांब असेल तर कॉक्स. गळालेल्यांना "जिवंत" धरून लॉजिस्टिक चालवणं हा गैरप्रकार आहे, आणि तो अजूनही छापून येतो.

प्रपोर्शनल हॅझर्डची अट मोडली. आता?

घाबरू नका, पण झाकूही नका. कॉक्स मॉडेलची ही अट म्हणते की दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर पूर्ण काळ तेवढंच राहतं. शस्त्रक्रिया विरुद्ध औषधं अशी तुलना असेल तर ती मोडणारच: शस्त्रक्रियेच्या गटात पहिल्या महिन्यात धोका जास्त, पुढे कमी. अशा ठिकाणी एकच हॅझर्ड रेशो छापला तर तो चढ आणि उतार यांची सरमिसळ असतो, आणि पाठपुरावा किती लांबवला यावर बदलतो. शोनफेल्ड रेसिड्युअलचा आलेख (गुणोत्तर काळानुसार बदलतं का हे दाखवणारा) काढा, वक्र कुठे वळतो ते पाहा. मग काळाचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा रेशो द्या, किंवा "पहिल्या तीन वर्षांत सरासरी किती महिने जास्त जगले" हे माप द्या. हे दुसरं माप रुग्णाला समजावायला सोपं जातं.

आणखी एक: वृद्धांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू पाहत असाल तर कर्करोगाने गेलेला माणूस "सेन्सॉर" झाला (म्हणजे फक्त त्याचा पाठपुरावा थांबला) असं धरून काढलेला कापलान-मायर आलेख हृदयविकाराचा धोका फुगवून दाखवतो. कारणाचा शोध असेल तर त्या-त्या कारणाचा हॅझर्ड घ्या. रुग्णाला प्रत्यक्ष धोका सांगायचा असेल तर फाइन आणि ग्रे यांचं 1999 चं मॉडेल.

स्कोअर 0 ते 6 आहे. 2 पर्यंत "चांगला", पुढे "वाईट" असे दोन भाग करू?

शक्यतो नको. पक्षाघातानंतर वापरतात त्या रँकिन मोजपट्टीवर 5 वरून 3 वर येणं म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस स्वतः चालू लागणं. तुमच्या दोन डब्यांत ही सुधारणा शून्य ठरते. ऑर्डिनल लॉजिस्टिक सगळ्या पायऱ्या वापरतं. सलग मोजणीचे मध्यकावर दोन तुकडे केले तर साधारण एक तृतीयांश डेटा फेकून दिल्याइतकं नुकसान होतं.

एकाच रुग्णाच्या अनेक भेटी आहेत. मिक्स्ड मॉडेल की जीईई?

एकाच रुग्णाच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात, हे या दोन्ही पद्धती लक्षात घेतात (जीईई म्हणजे जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स). लिनियरमध्ये दोन्हींचं उत्तर एकाच अर्थाचं असतं, त्यामुळे वाद फारसा नाही. लॉजिस्टिकमध्ये अर्थच बदलतो. मिक्स्ड मॉडेल "याच रुग्णाने औषध घेतलं तर" असं सांगतं, जीईई "घेणाऱ्यांचा समूह आणि न घेणाऱ्यांचा समूह" असं सांगतं, आणि पहिल्याचा ऑड्स रेशो सहसा 1 पासून जास्त दूर असतो. दोन आकडे जुळले नाहीत म्हणून कुणी एक चुकीचा ठरत नाही. नोंदींचे गट (उदाहरणार्थ, रुग्ण) दहा-वीसच असतील तर जीईईचे स्टँडर्ड एरर लहान येतात, हे ध्यानात ठेवा. आणि रुग्ण मध्ये गळाले असतील तर माझा कौल मिक्स्ड मॉडेलला, कारण गळतीबद्दल ते कमी कडक गृहीतक धरतं.

एआयसी ज्याचा कमी, ते मॉडेल घ्यायचं. इतकं सोपं नाही का?

अकाइके यांचा 1974 चा हा निकष मॉडेल डेटाशी किती जुळतं ते पाहतो आणि जास्तीच्या चलांना दंड लावतो. तो सुरेख आहे, पण त्याला पथ्यं आहेत. दोन्ही मॉडेलांत रुग्ण तेच हवेत. एका प्रबंधात मी पाहिलं की धूम्रपान हे चल घातल्यावर एआयसी धपकन खाली आला आणि विद्यार्थी खूश. झालं एवढंच होतं की धूम्रपानाची नोंद नसलेले रुग्ण सॉफ्टवेअरने गुपचूप वगळले होते. माणसं कमी, म्हणून एआयसी कमी.

आउटकमही तोच हवा. मुक्कामाचे दिवस आणि त्यांचा लॉग यांचे एआयसी जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. कॉक्सचा एआयसी वायबुल या काळाच्याच दुसऱ्या मॉडेलच्या एआयसीशी ताडून पाहता येत नाही, कारण कॉक्स अर्धवट लाइकलिहूडवर (डेटा मॉडेलशी किती जुळतो याच्या मापावर) चालतं. जीईईला तर एआयसीच नसतो. आणि फरक 2 पेक्षा कमी असेल तर दोन्ही मॉडेलं सारखीच समजा. बीआयसी हा तसाच दुसरा निकष जास्त कंजूष आहे: एआयसी प्रत्येक चलामागे 2 दंड लावतो, बीआयसी रुग्णसंख्येचा नैसर्गिक लॉग, म्हणजे 8 रुग्णांपासून पुढे बीआयसीच कडक.

उपचाराचा परिणाम शोधताना मात्र एआयसीला विचारूच नका. वय हे कन्फाउंडर आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

मग कन्फाउंडर निवडायचे कसे? स्टेपवाइज?

स्टेपवाइज नको. ते डेटा पाहून चलं निवडतं आणि मग न पाहिल्यासारखी पी-व्हॅल्यू देतं. कागद घ्या, बाणांचं चित्र काढा: कशामुळे काय होतं. उपचार आणि आउटकम या दोन्हींमागे जे उभं आहे ते घ्या. उपचार आणि आउटकम यांच्या मध्ये जे घडतं ते घेऊ नका. गरोदरपणातल्या धूम्रपानाचा बालमृत्यूवरचा परिणाम काढताना जन्मवजन मॉडेलमध्ये घातलं, की कमी वजनाच्या बाळांत धूम्रपान जणू संरक्षक असल्यासारखं दिसतं. हे कोडं अनेक वर्षं चर्चेत होतं.

आणि मॉडेलच्या निकालाच्या तक्त्यातल्या बाकीच्या चलांचे ऑड्स रेशो "धोक्याचे घटक" म्हणून वाचू नका. मॉडेल एका चलासाठी बांधलं होतं. या चुकीला 2013 मध्ये "टेबल टू फॅलसी" असं नावच पडलं.

माझ्याकडे हजार रुग्ण आहेत. वीस चलं चालतील ना?

मृत्यू किती? तीसच असतील तर लॉजिस्टिकच्या दृष्टीने तुमचा नमुना हजाराचा नाही, तिसाच्या आसपासचा आहे. "दर चलामागे दहा घटना" हा नियम 1990 च्या दशकातल्या सिम्युलेशनमधून रूढ झाला. तो ढोबळ आहे. भाकिताच्या मॉडेलांसाठी 2019-20 पासून नमुन्याचा आकार रीतसर काढण्याच्या पद्धती आल्या आहेत, त्या वापरा.

एका चलाचा गुणांक 18 आणि स्टँडर्ड एरर 4000 आलाय!

त्या गटात एकाही रुग्णाला आउटकम झालेला नाही, किंवा सगळ्यांना झाला आहे. साधी दोन बाय दोन सारणी काढा, दिसेल. असा भरकटलेला गुणांक आवरणारी फर्थ यांची 1993 ची दुरुस्ती लावा.

भाकिताच्या मॉडेलचा एयूसी 0.85 आहे. झालं काम?

एयूसी फक्त क्रम पाहतं: आजारी माणसाला निरोग्यापेक्षा वरचा आकडा मिळाला का? सगळ्यांचा धोका दुप्पट करून सांगितला तरी एयूसी तसाच राहतो. म्हणून कॅलिब्रेशनचा आलेख हवाच: ज्यांना 20% धोका सांगितला, त्यांच्यापैकी शंभरात वीस जणांना खरंच झालं का? कॅलिब्रेशनच्या होस्मर-लेमेशो चाचणीवर विसंबू नका, ती गट किती पाडले यावर मत बदलते. "अचूकता 96%" हा आकडा तर सोडूनच द्या. मृत्यू 4% असतील तर "कोणीच मरणार नाही" म्हणणारं मॉडेलही तेवढंच अचूक. ब्रायर स्कोअर (सांगितलेला धोका आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी) वापरता येतो. तो 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी निघाला होता. आणि ज्या डेटावर मॉडेल बांधलं त्याच डेटावरचा एयूसी नेहमी गोड दिसतो. बूटस्ट्रॅपने (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून) त्यातली साखर कमी करा.

मशीन लर्निंग लावलं तर सुधारेल का?

2019 मध्ये 71 अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा आला. वैद्यकीय भाकितासाठी लॉजिस्टिकपेक्षा मशीन लर्निंग सरस ठरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. प्रतिमा किंवा मोकळा मजकूर असेल तर गोष्ट वेगळी. पाचशे रुग्ण आणि बारा चलं असतील तर वयाला सरळ रेषेऐवजी स्प्लाइन, म्हणजे लवचीक वक्र, द्या; फायदा बहुधा तिथूनच मिळेल.

दोन मॉडेलांची उत्तरं वेगळी आली. पेपरमध्ये कुठलं देऊ?

जे आधी ठरवलं होतं ते मुख्य तक्त्यात, दुसरं पुरवणीत. आधी काहीच ठरवलं नसेल तर तसं लिहा. पद्धतीच्या भागात इतकं आलं तरी परीक्षकाचे निम्मे प्रश्न मिटतात: "आउटकम 30 दिवसांत पुन्हा भरती, हो किंवा नाही. धोक्याच्या गुणोत्तरासाठी पॉइसन रिग्रेशन, रोबस्ट स्टँडर्ड एररसह. वय स्प्लाइनने, लिंग आणि आजाराची तीव्रता कारण-चित्रावरून निवडून घेतली. नोंदी अपुऱ्या असलेल्या रुग्णांसाठी मल्टिपल इम्प्युटेशन (रिकाम्या नोंदी अनेकदा अंदाजाने भरणं). लॉग-बायनॉमियल मॉडेलही चालवलं, ते कन्व्हर्ज झालं नाही."